हसू कुठे अडतं? मुंबईकरांसाठी एक व्यवहारी मार्गदर्शन

फोनवर दिवसाला ढीगभर विनोद येतात. आपण ते वाचतो, डोळ्यांतून पाणी येईतो हसणारा पिवळा चेहरा उलट पाठवतो आणि हे सगळं करताना आपल्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. विनोदाचा एवढा पुरवठा आपल्या आजी-आजोबांना स्वप्नातही दिसला नसता. तरी हसणं आटलंय. म्हणजे पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरतंय.

मुलुंडच्या एका बागेत सकाळी जो हास्यक्लब भरतो, तो चालवणाऱ्या चार-पाच जणांत मी आहे. नवीन येणारी बहुतेक माणसं एकच वाक्य बोलतात, 'आम्हाला हल्ली हसूच येत नाही.' ओळख वाढली की खरं कारण बाहेर पडतं. हसू येतं, पण वाटेत अडतं. कुणाची कवळी हलते, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाच्या कानात आईचा चाळीस वर्षांपूर्वीचा ओरडा आजही बसलेला आहे. त्यामुळे या लेखात विनोद नाहीत. अडथळा कसा शोधायचा, कसा काढायचा आणि मग रोजचं हसणं कसं बसवायचं, एवढंच आहे.

आधी आठवडाभर नोंद ठेवा

एक छोटी वही घ्या आणि दोन रकाने आखा. पहिल्यात लिहायचं, आवाज करून हसलात तर कुणाबरोबर आणि कुठे. गालातल्या गालात हसलेलं धरायचं नाही. दुसऱ्यात लिहायचं, हसू आलं होतं पण दाबलं, तर का दाबलं. कारण एका शब्दात पुरे: दात, सासरे, साहेब, आवाज, सुतक. वही कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खोटं लिहून फायदा नाही.

पहिल्या रकान्यात विनोद लिहायला सांगितलेला नाही, त्याला कारण आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॉलमध्ये, फुटपाथवर, कॉलेजच्या आवारात लोक कधी हसतात हे गुपचूप ऐकून टिपून ठेवलं. हशाच्या आधीची बहुतेक वाक्यं साधीच निघाली, 'चल, भेटू मग' छापाची. ज्याला विनोदी म्हणता येईल असं वाक्य शंभरात दहा-वीस वेळाच सापडलं. त्याच्याच दुसऱ्या पाहणीत असं दिसलं, की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट तो चारचौघांत हसतो.

तुमच्या वहीतही माणसंच दिसतील. दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील: गाडीतली मैत्रीण, नाशिकचा मामा, ऑफिसखालच्या टपरीवर भेटणारा जुना सहकारी. आणि एखादा अख्खा रविवार कोरा जाईल, कारण घरातली चार माणसं चार फोन घेऊन चार कोपऱ्यांत होती. (वन रूम किचनमध्ये चार कोपरे मोकळे सापडतात हेच नवल.) पहिलं काम सोपं आहे. जी दोन-तीन नावं आली त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तोंडी बोलायचं. मेसेज नको, फोन करा. भेट झाली तर उत्तमच. मामाला फोन लावायला निमित्त लागत असेल तर त्याच्याकडून एखादी पाककृती विचारा. तो चुकीची सांगेल आणि मामी मागून ओरडेल. तेवढ्यात काम होतं.

दुसरा रकाना जास्त मोलाचा. या लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

फायदे: खरे किती, फुगवलेले किती

शरीराच्या हिशोबात हसणं म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी सोडलेला उच्छ्वास. 'हा हा हा' मधला एकेक 'हा' साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने येतो. श्वासपटल आणि फासळ्यांमधले स्नायू हवा बाहेर ढकलत राहतात. एरवी छातीत मागे राहणारी हवाही थोडी बाहेर पडते आणि मग आपसूक खोल श्वास आत येतो. हसताना बाकीचे स्नायू सैल पडतात. मुरकुंडी वळलेल्या माणसाच्या हातून कप निसटतो तो त्यामुळे. हसू ओसरलं की मान-खांदे उतरलेले जाणवतात. विरार फास्टमध्ये तासभर एका हातावर लोंबकळून घरी आलेल्याला हा फायदा समजावून सांगावा लागत नाही.

वेदनेबद्दलचा पुरावा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी सहकाऱ्यांसह २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी-नंतर वेदना किती सोसवते ते मोजलं. जे आवाज करून हसले त्यांची सोसण्याची ताकद वाढली. नुसतं छान वाटणारं काही पाहिलेल्यांची वाढली नाही. फिनलंडमध्ये २०१७ साली मेंदूच्या स्कॅनवरून दिसलं, की मित्रांबरोबर हसल्यावर मेंदू स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतो. गुडघेदुखीवाल्या आजी क्लबातून जाताना 'आज जिना सोपा गेला' म्हणतात, त्याला थोडाफार आधार आहे म्हणायचा.

रक्तवाहिन्यांबद्दल मेरीलँड विद्यापीठाचा २००५चा अभ्यास सारखा सांगितला जातो. हसवणारा सिनेमा पाहिल्यावर हाताच्या रक्तवाहिनीतला प्रवाह सरासरी २२ टक्क्यांनी वाढला, ताण देणारा पाहिल्यावर ३५ टक्क्यांनी घटला. हे खरं. पण माणसं होती वीस. त्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करणारा महाभाग आमच्या बागेत होता; त्याच्या बायकोनेच त्याला वठणीवर आणलं.

आता फुगे. 'हसल्याने वजन उतरतं' असं म्हणतात. मोजणी झाली आहे: दिवसाला दहा-पंधरा मिनिटं खरं हसलं तर १० ते ४० किलोकॅलरी जळतात. एका वडापावपुढे हे चिंचोके. 'लहान मूल दिवसातून चारशे वेळा हसतं, मोठा माणूस पंधरा वेळा' हा आकडा प्रत्येक व्याख्यानात फिरतो, पण त्याच्यामागे धड मोजणी नाही. आणि 'शरीराला खोटं हसू कळत नाही' हे आमच्याच क्लबातलं लाडकं वाक्य अर्धंच खरं आहे. ऐकणाऱ्याच्या मेंदूला ओढूनताणून आणलेलं हसू बरोबर ओळखता येतं. खरं एवढंच, की श्वासाचा व्यायाम दोन्हीत होतो, आणि दहा जण मिळून खोटं हसायला लागले की त्यातले सहा-सात मिनिटाभरात खरंच हसू लागतात.

कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार हसण्याने बरे होतात असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारावं

पोटाचं, हर्नियाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन अलीकडे झालेल्यांनी, हर्निया बाहेर येत असलेल्यांनी, रक्तदाब औषधानेही आटोक्यात नसलेल्यांनी, काचबिंदू किंवा मणक्याची गादी सरकण्याचा त्रास असलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी आणि गर्भारपणात काही तक्रार असलेल्यांनी. दमा असलेल्यांना जोरात हसल्याने ढास लागू शकते, दमही लागू शकतो. पंप खिशात ठेवा आणि आवाजाऐवजी लांब उच्छ्वासावर भर द्या. भरल्या पोटी हे प्रकार नकोत. बाकी रोजचं, आपोआप येणारं हसू कुणालाच बंद नाही.

लहानपणचा ओरडा

दुसऱ्या रकान्यात 'आवाज' किंवा 'लोक' असं आलं असेल तर मुळाशी बहुतेक घरातलं एखादं वाक्य असतं. 'दात काढू नकोस.' 'एवढं खिदळायला काय झालं?' 'फार हसू नये, मग रडावं लागतं.' मुलींच्या वाट्याला हे चौपट येतं. ही शिकवण जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यातले पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. दात न दाखवता हसणारा वरच्या पंगतीत आणि डोळ्यांत पाणी येईतो हसणारा सर्वांत खाली! त्याच्यावर शाळेत प्रत्येकाला ऐकवलं गेलेलं 'टवाळा आवडे विनोद' आहेच.

यावर उपाय म्हणजे आवाज एकदम सातमजली करणं असं मुळीच नाही. आवाज मोकळा सोडला तरी कुणी वळून बघणार नाही अशी जागा आधी शोधायची. मुंबईत अशा जागा आहेत. लेडीज डब्याइतकी मोठी जागा दुसरी नाही. तिथे भाजी निवडत, कुणाचा वाढदिवस करत, दसऱ्याला डबा सजवत बायका ज्या मोकळेपणाने हसतात, तो मोकळेपणा स्टेशनचा जिना उतरताना पर्समध्ये परत जातो. तुमचंही असंच होत असेल तर वहीत ते दिसेलच. मग डब्यातल्या एका मैत्रिणीला सहकुटुंब घरी बोलवा. त्या हसण्याचा घरच्यांना परिचय होऊ द्या. पहिल्या वेळी सगळे चमकून बघतात, दुसऱ्या वेळी सासूबाई विचारतात 'ती तुझी मैत्रीण कधी येणार परत?'

पुरुषांनी नाटकाला जावं, असा माझा आग्रह आहे. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, जे जवळ पडेल ते. अंधार असतो, कुणी तोंडाकडे बघत नाही आणि आजूबाजूचे शेकडो लोक हसत असतात. एक बारकावा लक्षात ठेवा. हलकंफुलकं नाटक असेल तर रविवारचा भरलेला प्रयोग निवडा आणि तिकीट गर्दीच्या मध्यभागी घ्या. आठवड्याच्या मधल्या वारी, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत, तेच नाटक निम्मंही हसवत नाही. नट तेच, वाक्यं तीच, फक्त शेजारी कुणी नसतं.

तोंड: दात, कवळी, गुटखा

हसताना हात आपोआप तोंडावर जातो का? आरशात बघून ठरवू नका. घरातल्या माणसाला तुमचा एखाद्या समारंभातला व्हिडिओ दाखवायला सांगा.

डाग, कीड, पुढे आलेले किंवा पडलेले दात ही लाज बाळगण्याची गोष्ट नाही, दुरुस्तीची आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे रांग लागते. सकाळी लवकर जा. साध्या सफाईनेही मिश्रीचे आणि चहाचे बरेच डाग जातात.

ज्येष्ठांच्या बाबतीत कवळी हा फार मोठा अडथळा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. दात काढल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं. दहा वर्षांपूर्वी घट्ट बसलेली कवळी आज हसताना उचलली जाते. नवीनच करावी लागते असं नाही. आतल्या बाजूने नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते. दंतवैद्याला एवढंच सांगा, 'जेवताना ठीक आहे, हसताना सुटते.' या वाक्याने त्याला नेमकं कळतं.

गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्यांसाठी एक चाचणी. आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून दातांच्या मधे जातात का बघा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल किंवा गाल आतून कडक लागत असतील तर हसण्याचं राहू द्या, लगेच दंत रुग्णालय गाठा. तोंड आखडण्याचा हा आजार पुढे कॅन्सरकडे वळू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे मी सांगायला नको आणि तुम्ही विचारायला नको.

थेंबांची गोष्ट

हास्यक्लबात कडेला उभ्या राहून फक्त टाळ्या वाजवणाऱ्या काही बायका असतात. त्यांना हसायला आवडत नाही असा सगळ्यांचा समज असतो. खरं कारण त्या एकमेकींनाही सांगत नाहीत. जोरात हसलं, खोकलं, शिंकलं की लघवीचे थेंब जातात. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर हे खूप जणींना होतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही होतं. कित्येक जणी याच कारणाने लग्नकार्यात, सहलीत, डोहाळजेवणात हसणं आवरतात आणि हळूहळू जाणंच सोडतात.

व्यायाम असा. लघवी मधेच थांबवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच सेकंद धरायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत आणि श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक आहे. फरक पडायला साधारण तीन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. गाडीची वाट बघताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कुठेही करता येतो, कुणाला कळत नाही. शिवाय हसू फुटणार असं वाटताच आधी एक आवळ मारायची सवय लावली तर गळती बरीच थांबते. तरीही त्रास राहिला किंवा जळजळ होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. याला उपचार आहेत आणि त्यांच्याकडे रोज अशा चार जणी येत असतात.

कान

घरात सगळे हसतात, आजोबा एका क्षणाने उशिरा हसतात किंवा 'काय झालं?' विचारतात. कुणीतरी 'काही नाही बाबा' म्हणतं. असं दहा-वीस वेळा झालं की आजोबा बाल्कनीत जाऊन बसतात आणि घरचे म्हणतात, 'वयोमानाने गंभीर झालेत.' त्यांचे कान तपासा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो, आणि वांद्रे रेक्लमेशनला अलियावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. कधी कधी नुसता मळ निघतो. यंत्र लागलंच तर पहिले काही आठवडे त्यांना पंख्याचा, भांड्यांचा आवाजही नको होतो. तेवढा काळ धीर धरा. आणि तोवर घरच्यांसाठी एकच नियम: 'काही नाही' म्हणायचं नाही. विनोद पुन्हा सांगायचा, समोर बसून, तोंड दिसेल असा.

हसं होण्याची भीती आणि दुखवटा

काही माणसांना कुठेही हसण्याचा आवाज आला की तो आपल्यालाच असं वाटतं. गाडीत पलीकडे दोन मुलं हसली तरी यांचा हात शर्टाच्या कॉलरकडे जातो. मानसशास्त्रात या भीतीचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. बहुतेकांच्या मागे शाळेतली किंवा भावकीतली लांबलेली चिडवाचिडवी असते. अशांना हास्यक्लबात ओढून नेणं म्हणजे छळ. त्यांनी एका विश्वासाच्या माणसापासून सुरुवात करावी, तीही एकमेकांकडे न बघता: शेजारी बसून काही बघताना, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून. समोरासमोर हसणं नंतर. भीती इतकी असेल की नोकरीच्या ठिकाणी जाणं टळतंय, तर समुपदेशक गाठलेला बरा.

दुखवट्याचं वेगळं आहे. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, आणि हसणंही जणू त्यातच धरलं जातं. पण दहाव्या-बाराव्याला जमलेले नातेवाईक आठवणी सांगू लागतात, गेलेल्या काकांनी एकदा चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जाऊन आहेर कसा दिला ते निघतं आणि सगळे हसतात. मग एकदम गप्प होतात. त्या गप्प होण्याची गरज नाही. घरातल्या ज्येष्ठाने तिथे एवढंच म्हणावं, 'अजून एक सांगा.' विधवा झालेल्या बाईला हसताना बघून भुवया उंचावणारे असतातच. त्यांच्यासाठी 'हसतील त्यांचे दात दिसतील' ही म्हण आपल्याकडे आधीपासून आहे.

घरी, एकट्याने, दहा मिनिटं

एकटं हसणं कठीण असतं, पण क्लबात जाण्याआधी घसा आणि श्वास मोकळा करायला उपयोगी पडतं. लघवीला जाऊन या, घोटभर पाणी प्या, खिडकी बंद करा. भिंतीपलीकडचे शेजारी समजूतदार असतील असं धरून चालू नका.

पहिली दोन मिनिटं फक्त श्वास. नाकाने आत, तोंडाने बाहेर, सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ. मग टाळ्या, एक-दोन, एक-दोन-तीन अशा ठेक्यात, आणि त्याबरोबर 'हो हो, हा हा हा'. तळवे आणि बोटं पूर्ण जुळवून वाजवा. त्यानंतर ओठ मिटून हसा, नुसता गुंजारव. हे शेजारीप्रूफ आहे. मग तोंड पूर्ण उघडून, आवाज न करता. मग सिंह हास्य: जीभ बाहेर, डोळे मोठे, पंजे पुढे. हे करताना स्वतःचंच हसू येतं, आणि यायलाच हवं. शेवटी अर्धं मिनिट मोकळा आवाज. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या इमारतीत राहत असाल तर हे अर्धं मिनिट न्हाणीघरात बादलीचा नळ पूर्ण सोडून उरका. उरलेली दोन मिनिटं डोळे मिटून बसा.

प्रत्येक प्रकारानंतर दोन खोल श्वास घ्या. चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही घाई करताय, थांबा, बसा.

चारचौघांत: क्लब शोधणं किंवा सुरू करणं

हा प्रकार मुंबईतच जन्मला. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगत. पंधरवड्यात चांगले विनोद संपले, चावट आणि दुखावणारे सुरू झाले, तक्रारी आल्या. तेव्हा त्यांनी विनोद काढून टाकले आणि निव्वळ हसण्याचा व्यायाम ठेवला. आज मे महिन्याचा पहिला रविवार जगभर हास्यदिन म्हणून पाळतात. क्लबात विनोद सांगायचा हट्ट धरणारा एक तरी सदस्य असतोच. त्याला ही गोष्ट सांगा.

जवळचा क्लब शोधायला इंटरनेट नको. सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान जवळच्या बागेत किंवा मैदानात फेरी मारा, आवाजच पत्ता देईल. पहिले दोन दिवस बाकावर बसून बघा.

नवा सुरू करायचा तर पाच जण पुरतात. जागा निवडताना मात्र डोकं वापरा. कुर्ल्यातल्या एका ज्येष्ठ रहिवाशांनी घराजवळच्या हास्यक्लबाच्या आवाजाला कंटाळून मुंबई हायकोर्टात दाद मागितली होती, आणि माझी सहानुभूती त्यांनाही आहे. कुणाच्या बेडरूमखाली पहाटे वीस माणसं 'हा हा हा' करत असतील तर हसणार कोण? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते; निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो, तिथे मर्यादा आणखी कमी. म्हणून सहाच्या आधी नाही, भोंगा नाही, इमारतींपासून शक्य तेवढं दूर. महापालिकेची बाग असेल तर वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाला आणि बागेच्या माळीकाकांना आधी कल्पना द्या. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सत्र वीस-पंचवीस मिनिटांचं ठेवा. रांगा करू नका, गोल करा, म्हणजे डोळ्याला डोळा भिडतो. एक हास्य अर्धा-पाऊण मिनिट, मग टाळ्या, मग श्वास. नमस्ते हास्य, फोन हास्य, लस्सी हास्य, भांडण हास्य हे सगळीकडे चालणारे प्रकार आहेत. आपले स्थानिकही बनवा. आमच्याकडे 'मेगाब्लॉक हास्य' आहे: इंडिकेटरकडे बघायचं, घड्याळाकडे बघायचं आणि मग शेजाऱ्याकडे बघायचं. त्याला कधीच ढकलावं लागत नाही.

एक नियम कडक हवा. फोन बाकावर. कुणीतरी सिंह हास्याचं रील केलं की दुसऱ्या दिवशी तीन जण येत नाहीत, आणि त्यातल्या दोघी महिनाभर खपून कडेवरून आत आलेल्या असतात.

कुणाला हसायचं

ऑफिसात आणि सोसायटीत हशा बहुतेक वेळा कुणाच्या तरी जिवावर होतो: कुणाचं गावाकडचं बोलणं, कुणाचा रंग, कुणाचं वजन. ओळखायची खूण सोपी आहे. ज्याच्यावर विनोद झाला तो पुढचा विनोद स्वतः करतो का? करत असेल तर मजा चालली आहे. तो नुसता हसून चहाचा कप उचलून जागेवर गेला असेल तर थांबा. साहेबांनी तर आपल्या विनोदावर कोण हसतं याकडे बघूच नये, सगळेच हसतात. आपण नसताना केबिनबाहेरून हशा ऐकू येतो का, हे बघावं.

जेव्हा हसणं हा उपाय नसतो

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगण्याचा कंटाळा येतोय, अशा माणसाला 'हसत राहा' सांगू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन लावून देण्यापर्यंतची मदत तुम्ही करू शकता. उलट प्रकारही असतो: अर्धांगवायूनंतर किंवा मेंदूच्या काही आजारांत माणूस कारण नसताना, स्वतःला आवरता न येता हसत सुटतो. घरचे रागावतात. तो चेष्टा करत नसतो, मेंदूविकारतज्ज्ञांकडे त्याच्यावर औषध असतं.

पावसाळ्याची सोय

जून लागला की अर्धे क्लब बंद पडतात आणि दिवाळीपर्यंत सुरू होत नाहीत. त्यामुळे मे महिन्यातच पर्यायी जागा ठरवून ठेवा. गच्चीवर शेवाळ धरतं, ज्येष्ठांना तिथे नेऊ नका. सोसायटीचं पार्किंग चालतं, पण तिथे आवाज घुमतो. म्हणून मिटल्या ओठांचे आणि मूक प्रकार जास्त घ्या आणि वेळ साडेसातनंतरची ठेवा. सेक्रेटरींची परवानगी लेखी घ्या आणि त्यांनाच पहिल्या दिवशी बोलवा. छत्र्या एका कोपऱ्यात, ओल्या चपला दुसऱ्या कोपऱ्यात, मधे कोरडी सतरंजी. मुसळधार कोसळत असेल आणि गाड्या बंद असतील तर त्या दिवशी सुट्टी, पण सुट्टी आहे हे ग्रुपवर सहाच्या आत टाका. नाहीतर कुणीतरी एक जण रेनकोट घालून येऊन उभा राहतोच.